दख्खनी शैलीतलं चित्र: सोनं का मळतं, रंग का सुटतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. जलरंगांचा हात चांगला आहे, जयपुरी पद्धतीचा लघुचित्रांचा एक छोटा वर्ग झाला आहे, आणि आता अहमदनगर-विजापूरच्या धर्तीवर एक चित्र करायला घेतलं आहे: बागेत उभी असलेली स्त्री, सोनेरी आकाश, भोवती आबरीचा (पाण्यावर तरंगत्या रंगांची नक्षी उतरवलेल्या कागदाचा) हाशिया, म्हणजे किनार. अडचणी तीन. सोनं मळकट पिवळं दिसतं आणि घोटायला गेलं की अकीकाला (घोटायच्या गुळगुळीत दगडाला) चिकटून येतं. गुलाबी रंगाचे पापुद्रे सुटतात. आणि एवढं करूनही चित्र दख्खनी वाटत नाही, राजस्थानीच वाटतं.

तिसऱ्या तक्रारीपासून सुरुवात करू, कारण सोनं आणि रंग कसे लावायचे हे तिच्यावरच ठरतं.

‘दख्खनी’ हे एकच नाव असलं तरी त्यात मुख्य दरबार तीन आहेत. अहमदनगरच्या निजामशाहीतलं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे आफताबी या कवीच्या ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ची सचित्र प्रत, ती पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आहे. पहिल्या हुसेन निजामशाहाची ही स्तुती, १५६५च्या तालिकोटच्या लढाईच्या आसपासची. त्यातल्या कितीतरी चित्रांत राणी खुंझा हुमायूनची आकृती नंतर कोणीतरी खरवडून किंवा रंगवून झाकली आहे. तिथलं आकाश सोन्याचं, क्षितिज उंच आणि गोलाकार, म्हणजे इराणी वळणाचं. बायकांची चोळी आणि गोंडा लावलेली लांब वेणी उत्तरेकडची, माळव्याच्या बाजूची. आणि कमरेखालून अंगाभोवती फिरणारं लांब उपरणं दक्षिणेचं, आंध्रातल्या लेपाक्षीच्या मंदिरातल्या भित्तिचित्रांत दिसतं तसं. विजापुरात दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळात (१५८०–१६२७) हे सगळं जास्त मऊ आणि गूढ झालं: उंच सडपातळ माणसं, पारदर्शक पांढरे जामे, माणसापेक्षा मोठी फुलझाडं. गोवळकोंड्याचं काम त्याहून झगझगीत. १६८६ आणि १६८७मध्ये ही दोन्ही राज्यं औरंगजेबाने घेतली; पुढचं हैदराबादी काम सुबक आहे, पण त्यात ती धग नाही. तुम्ही ‘अहमदनगर-विजापूर’ एका दमात म्हणता, पण निदान पहिल्या चित्रापुरतं एक निवडा. सोनेरी आकाश आणि उभी स्त्री हवी असेल तर अहमदनगर धरा. रेषा ठसठशीत असते, चुका पचतात. विजापुरी चेहरा दोन वर्षं हात बसल्याशिवाय जमत नाही.

चित्र राजस्थानी का वाटतं? वर्गात शिकवतात त्या पद्धतीत शुद्ध हिंगुळी लाल, शुद्ध पिवळा, शुद्ध हिरवा असे पट्टे शेजारी शेजारी पडतात आणि प्रत्येकाला काळी बाह्यरेषा मिळते. दख्खनी चित्रकार जवळजवळचे रंग शेजारी ठेवतो: जांभळट गुलाबीला लागून जांभळा, निळसर हिरव्याला लागून गर्द निळा. एरवी ते एकमेकांत बुडाले असते. त्यांना वेगळं ठेवतं ते सोनं. सोनं हा इथे दागिना नाही, पटावरचा एक रंग आहे, आणि कधीकधी सर्वांत मोठ्या क्षेत्राचा रंग. म्हणून ते शेवटी लावून चालत नाही. मोठ्या क्षेत्राचं सोनं (आकाश, घागरा, आसन) शेजारच्या रंगांच्या शेवटच्या थराआधी लावायचं आणि घोटून मोकळं व्हायचं. कारण साधं आहे: अकीक कडेवरून घसरतो आणि शेजारच्या तयार रंगावर चकचकीत ओरखडा उठवतो, जो नंतर कशानेही जात नाही. नथ, बांगड्या, जरीचे काठ हे बारीक सोनं मात्र शेवटीच.

बाह्यरेषेचंही तसंच. गुलाबी कपड्याची कड त्याच गुलाबीत थोडा लाखेचा लाल रंग घालून काढा, हिरव्याची कड निळीने. काळी रेषा डोळे, भुवया, केस आणि जोडे एवढ्यापुरती ठेवा. एवढ्या एका बदलाने चित्राचा मुलूख बदलतो.

आता कागद. वसली म्हणजे ताव एकावर एक चिकटवून केलेला जाड कागद. बाजारात ‘वसली’ म्हणून मिळणारा कागद पुष्कळदा यंत्रावर केलेला आणि मध्ये लगदा भरलेला असतो. घोटताना त्याच्या कडा उलगडतात. स्वतः करणं अवघड नाही. सुती चिंध्यांचा हातकागद घ्या, चौरस मीटरला ८० ते १०० ग्रॅम वजनाचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात अशा कागदाची जुनी परंपरा आहे, पुण्यातही हातकागद मिळतो. तीन ताव लागतात. खळ करायची ती ५० ग्रॅम मैदा ४०० मिली थंड पाण्यात कालवून, रात्रभर भिजवून, गाळून. मग मंद आचेवर ढवळत पंधरा-वीस मिनिटं, ती थोडी पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर परत मलमलीतून गाळा. चार-पाच थेंब लवंगेचं तेल घातलं की पुरे. जुन्या पाककृतींत मोरचूद आणि तुरटी असते. मोरचुदाने कीड लागत नाही हे खरं, पण ते विषारी आहे आणि तांब्याचे क्षार कागदाला बरे नाहीत. तुरटीने कागद आम्ल होतो आणि पन्नास वर्षांत ठिसूळ. दोन्ही टाळा.

तिन्ही ताव आधी फवाऱ्याने सारखे ओलसर करा, म्हणजे ते सारखेच पसरतात. कोरड्या तावावर ओली खळ लावून दुसरा ताव चिकटवला की एक पसरतो, दुसरा नाही, आणि वाळल्यावर वसली होडीसारखी वळते. खळ मधून कडेकडे लावा, हवा बाहेर काढा. कोऱ्या टीपकागदात घालून पाटाखाली वजन ठेवा. टीपकागद पहिल्यांदा सहा तासांनी आणि मग रोज बदला. चार-पाच दिवस लागतात. उन्हात वाळवण्याची घाई करू नका. वाळल्यावर नखाने टिचकी मारत सगळा पृष्ठभाग तपासा. आवाज पोकळ आला तिथे खळ धरलेली नाही, आणि पुढे नेमका तिथेच रंगाला फोड येईल.

मग आहार, म्हणजे पातळ पेजेचा हात. दहा ग्रॅम गव्हाचं किंवा तांदळाचं स्टार्च अर्धा लिटर पाण्यात शिजवून दोन्ही बाजूंनी एकेक हात, वाळल्यावर आडवा दुसरा. आहार नसलेला कागद पाणी पितो आणि रेषेला केस फुटतात. आहार झाल्यावर पंधरा दिवस वसली सपाट ठेवून द्या आणि मग अकीकाने घोटा. खंबातचा अकीक अजूनही चांगला मिळतो. तळहाताएवढा, एक बाजू किंचित फुगीर असलेला घ्या. घोटाई एकाच दिशेने, मग तिला आडवी. आरशासारखी चमक आणण्याच्या नादी लागू नका. आहाराचा पृष्ठभाग फार गुळगुळीत झाला की रंगाला धरायला काही राहत नाही, आणि तुमच्या पापुद्र्यांचं हे एक कारण असू शकतं. दगड सरकावा म्हणून साबण फिरवायची युक्ती काहीजण सांगतात. ती तर अजिबात नको.

रेखाटन खाक्याने उतरवा. ट्रेसिंग कागदावर पक्कं चित्र काढून रेषेवर एक-एक मिलिमीटरवर बारीक सुईने भोकं पाडायची, मलमलीच्या पुरचुंडीत कोळशाची पूड बांधून ती वरून झटकायची. ठिपके गेरूच्या फिक्या रेषेने जोडून कोळसा पिसाने झाडून टाका. त्यावर सफेद्याचा, म्हणजे पांढऱ्या रंगाचा, इतका पातळ हात द्यायचा की खालची गेरूची रेषा धूसर दिसत राहील. वाळल्यावर चित्र काचेवर पालथं घालून मागून घोटा, आणि मगच पक्की टिपाई, म्हणजे रेषांकन, करा. या पांढऱ्या थरामुळे वरचे रंग उजळ दिसतात. तो जाड झाला तर सगळं चित्र खडूवर काढल्यासारखं ठिसूळ होतं.

रंग कोणते? पांढऱ्यासाठी जुन्या काळी शिशाचा सफेदा असे. तो विषारी आहे आणि हवेतल्या गंधकाने काळवंडतो. झिंक व्हाइट वापरा. लालासाठी हिंगूळ, नारिंगीसाठी शेंदूर, पिवळ्यासाठी हरताळ किंवा पिवळी माती, निळ्यासाठी लाजवर्द (निळ्या दगडाची पूड) आणि नीळ, तपकिरीसाठी गेरू, काळ्यासाठी काजळ. हिंगूळ म्हणजे पारा, शेंदूर म्हणजे शिसं, हरताळ म्हणजे सोमल. कोरडी पूड कुटताना तोंडावर मास्क हवाच, आणि ब्रशचं टोक ओठांनी सरळ करायची सवय असेल तर ती आजपासून बंद. घरात लहान मुलं असतील तर हे तिन्ही सोडून नळीतले आधुनिक रंग घ्या. चित्र त्याने कमी दख्खनी होत नाही.

काही जोड्या जमत नाहीत. हरताळ आणि तांब्याचा हिरवा (जंगार) एकत्र आले की काळपट होतात. हरताळ आणि शिशाचा सफेदा यांचंही तेच. जंगार एकटाही घातक. जुन्या पोथ्यांत हिरव्या चौकटीच्या जागी कागद जळून तुकडा पडलेला दिसतो, तो त्याचाच प्रताप. इराणी रंगकर्मी त्यात केशराचं पाणी घालत ते याचसाठी. तुम्ही जंगाराच्या वाटेला जाऊ नका. गर्द हिरवा नीळ आणि हरताळ मिसळून करा, किंवा नीळ आणि पिवळी माती. बागेच्या पार्श्वभूमीला तोच शोभतो.

पूड जाड काचेवर बत्त्याने, पाण्याबरोबर घोटायची. दहा ग्रॅम हिंगुळाला दोन-तीन तास धरा. लाजवर्द मात्र फार बारीक करू नका. कण जितका बारीक तितका त्याचा निळा राखाडी होतो. डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा, स्वच्छ फिक्या खड्यांचा: एक भाग डिंक, दोन भाग कोमट पाणी, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळलेला. किती घालायचा याचं एकच माप सगळ्या रंगांना लागू पडत नाही. हिंगूळ जड असतो, त्याला वजनाच्या मानाने थोडा पुरतो; नीळ आणि काजळ हलकी, ती पुष्कळ डिंक पितात. थोडाथोडा घालत वसलीच्या तुकड्यावर पट्टा ओढा आणि पूर्ण वाळू द्या. कोरडं बोट फिरवल्यावर बोटाला रंग लागला तर डिंक कमी. पट्ट्याला चकाकी आली, किंवा कागद थोडा वाकवल्यावर त्यात केसाएवढ्या भेगा दिसल्या, तर जास्त. ही चाचणी प्रत्येक नव्या वाटीला करायची, कारण डिंकाचं पाणी चार दिवसांत आटतं आणि कालचं माप आज खोटं ठरतं.

आता तुमचा गुलाबी. दख्खनी गुलाबी-जांभळ्यासाठी लाख उत्तम: लाख आणि सफेदा मिळून गुलाबी, त्यात निळीचा अंश घातला की जांभळट. लाखेचा रंग घरी काढायचा तर १०० ग्रॅम काडीची लाख भरड कुटून अर्धा लिटर कोमट पाण्यात भिजवा, दोन-तीन ग्रॅम धुण्याचा सोडा घाला आणि हाताला सोसवेल एवढ्याच उष्णतेवर दोन तास ठेवा. उकळू द्यायचं नाही, कारण उकळी आली की राळ वितळून रंगात येते. सोडा जास्त झाला तरी राळ विरघळते, शिवाय लाल रंग जांभळ्याकडे झुकतो. राळ मिसळलेला रंग चिकट असतो, वाळताना आकसतो आणि खालच्या थराला घेऊन सुटतो. फक्त गुलाबीचेच पापुद्रे सुटतात आणि बाकी रंग धरून आहेत असं असेल तर पहिला संशय इथे घ्या. गाळलेलं पाणी पसरट बशीत आटवून वाळलेल्या वड्या करून ठेवता येतात.

पापुद्रा नेमका कशाने सुटला हे पापुद्राच सांगतो. एक तुकडा चिमट्याने उचला, भिंगाखाली उलटा करा. मागची बाजू स्वच्छ गुलाबी आणि खाली पांढरा थर शाबूत असेल, तर गुलाबीने सफेद्याला धरलं नाही: एक तर सफेदा फार घोटला गेला किंवा गुलाबीत डिंक वा राळ जास्त. मागे पांढरा थर चिकटून आला आणि खाली उघडा कागद दिसला, तर सफेद्यातच डिंक कमी होता, किंवा कागदावरचा आहार गुळगुळीत झाला होता. तुकडा गुलाबीच्या मधूनच फाटला असेल, खालीही गुलाबी आणि वरही, तर रंग एकाच जाड हातात लावला आहे. वरची साय आधी वाळली, खालचा रंग नंतर आकसला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे आधी बघा.

रंग तीन-चार पातळ हातांत बसवायचा, एक हात उभा, पुढचा आडवा. दुसऱ्या हातानंतर आणि चौथ्यानंतर मागून घोटाई: काच स्वच्छ पुसून, तिच्यावर गुळगुळीत कोरा कागद, त्यावर चित्र पालथं, आणि अकीक पाठीवर. दाबाने रंगाचे कण एकमेकांत बसतात, मधली छिद्रं बुजतात आणि पृष्ठभाग मिन्यासारखा होतो. रंग जरा जरी ओलसर असला तरी तो खालच्या कागदाला चिकटून येतो. महाराष्ट्रातल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकण-मुंबईकडे, हवेत एवढा दमटपणा असतो की डिंक वरून सुकल्यासारखा वाटतो आणि आत ओलाच राहतो. घोटाईचं काम दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात रेखाटनं आणि खाके करा.

आता सोनं, म्हणजे खरी मेख. आधी ते सोनं आहे ना हे बघा. पितळेची पानं ‘सोनेरी वर्ख’ म्हणून सर्रास विकली जातात; ती मोठी, साधारण १४ सेंटिमीटर चौरस आणि जाडसर असतात, आणि काही महिन्यांत हिरवट पडतात. खरं पान बहुधा आठ सेंटिमीटरचं असतं, चिमटीत धरून चोळलं की जणू नाहीसंच होतं, आणि दिव्यासमोर धरलं तर त्यातून निळसर हिरवा उजेड दिसतो. ही शेवटची खूण फसवत नाही. एका पानाचं वजन दहा-पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे २५ पानांच्या पुस्तकात साधारण ०.२५ ते ०.३७ ग्रॅम सोनं. पंधरा बाय वीस सेंटिमीटरच्या चित्रात आकाश तिसरा हिस्सा असेल तर एका पुस्तकात काम बेताने होतं. दोन धरून चाला.

चिनी मातीच्या चकचकीत बशीत दाट डिंकाचे किंवा मधाचे दोन-तीन थेंब घ्या, बोटाने एकेक पान त्यात घ्या आणि बोटाच्या पेरानेच गोल घोटा. २५ पानांना दोन तास धरा. मिश्रण चिकट, ओढ लागणारं राहिलं पाहिजे. पातळ झालं तर पानं नुसती घसरतात, तुटत नाहीत. फार कोरडं झालं तर सोन्याचे कण पुन्हा एकमेकांना चिकटून गोळ्या होतात, आणि त्या मग काही केल्या फुटत नाहीत. कोरडं वाटलं की पाण्याचा एक थेंब, जास्त नाही. घोटून झाल्यावर बशी कोमट पाण्याने भरा, बोटही त्यातच धुवा, सहा ते आठ तास झाकून ठेवा. सोनं तळाला बसतं, वरचं पाणी अलगद ओता. हे किमान तीनदा. वरचं पाणी बोटांत धरून चिकट लागेनासं झालं म्हणजे पुरे.

बहुतेक ठिकाणी सोनं इथेच बिघडतं. मध किंवा डिंक पुरता धुतला गेला नाही की त्याचा पातळ पडदा प्रत्येक कणाभोवती राहतो. सोनं मातकट दिसतं, दगडाखाली उजळत नाही, आणि मध हवेतली ओल ओढत राहतो म्हणून दगडाला चिकटतं. तुमची दोन्ही लक्षणं याच्याशी जुळतात. त्यावर डिंक घालून आणखी घट्ट करायचा प्रयत्न केला असेल तर रोगावर रोगच वाढवला. बंधक म्हणून सरस चांगला: एक ग्रॅम जिलेटिन १०० मिली कोमट पाण्यात, आणि त्यातले पाच-सहा थेंब एका पुस्तकाच्या सोन्याला. कमी वाटेल, पण सोनं घोटाईने बसतं, सरसाने फक्त जागेवर थांबतं. चाचणी तुकड्यावर: २४ तासांनी अकीक फिरवल्यावर कोरडी चमचमणारी पूड दगडाला लागली तर दोन थेंब वाढवा, पूड लागत नाही पण चमकही येत नाही, तर पुन्हा पाणी घालून धुवा. सोनं वाया जात नाही, हा त्याचा मोठा गुण.

सोन्याखाली पिवळ्या मातीचा एक हात द्या, नीट घोटलेला. त्याने सोनं ऊबदार दिसतं, आणि कुठे विरळ पडलं तरी पांढरं भोक दिसत नाही. सोनं दोन हातांत लावा. ब्रश दर वेळी तळापासून ढवळून, कारण सोनं जड असतं आणि क्षणात खाली बसतं. घोटाई आधी पातळ बटर पेपरमधून, मग थेट. दगड कुत्र्याच्या सुळ्याच्या आकाराचा, टोकदार. त्यानंतर बोथट सुईने ठिपके टोचले की उजेड फिरेल तसं सोनं लकाकतं. सोन्यावर नक्षी काढताना रंग थेंब-थेंब होऊन मागे सरकतो. बोटांचा तेलकटपणा हे त्याचं कारण. कापसावर खडूची बारीक पूड घेऊन हलकेच फिरवा आणि झाडून टाका, रंग धरेल. चांदी मात्र लावू नका. जुन्या चित्रांत काळं पडलेलं पाणी दिसतं ती मूळची चांदीच.

पारदर्शक ओढणी किंवा जामा हा पुढचा फसवा भाग. डिंकाचा रंग वाळल्यावरही पाण्याने सुटतो, म्हणून वरून पांढरा हात देताना ब्रश दोनदा फिरवला की खालचा गुलाबी वर येतो. खालचा थर आधी घोटलेला हवा, सफेदा अगदी विरळ, ब्रश जवळजवळ कोरडा, आणि एका जागी एकच फटकारा. दुसरा हात पूर्ण वाळल्यावर. मग चुण्या आणि काठ दाट पांढऱ्या रेषेने. कापड डोळ्यांना दिसतं ते या रेषांमुळे.

मोत्यांसाठी दाट सफेद्यात नेहमीपेक्षा थोडा जास्त डिंक घालून ब्रश उभा धरून ठिपका टेकवा. ठिपका चपटा झाला तर पाणी जास्त, मध्ये खळगा पडला किंवा तडकला तर डिंक जास्त. चेहऱ्याला गेरू, सफेदा आणि पिवळ्या मातीचा अंश यांचा सपाट हात, हव्या त्या छटेपेक्षा थोडा फिका. मग परदाज: गेरूत लाख मिसळून गालाच्या कडेला, डोळ्याच्या खोबणीत, हनुवटीखाली बारीक ठिपके आणि तुटक रेषा. निजामशाही चित्रांत परदाज जेमतेम असतो, तेव्हा हात आवरा.

ब्रशाबद्दल: मुंगसाच्या केसांचे ब्रश अजून गुपचूप विकले जातात, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली तो गुन्हा आहे. खारीच्या शेपटीचाही आग्रह सोडा. तीन शून्यांचा ब्रश घेण्यापेक्षा एक नंबरचा, पोट भरलेला आणि टोक सुईसारखं येणारा ब्रश घ्या. तीन शून्यांच्या ब्रशात रंगच मावत नाही, रेषा दर सेंटिमीटरला तुटते आणि जोड दिसतो.

आबरीचा हाशिया वेगळ्या कागदावर करून चित्र त्यात बसवायचा, चित्राच्या वसलीवर थेट नाही. विजापुरात आबरी फक्त कडेला नव्हती, अख्ख्या आकृती आबरीत भरलेली रेखाटनं तिथे झाली. नको ती जागा डिंकाने झाकून कागद पाण्यावर टेकवला की असं साधतं. हाशियासाठी ५० ग्रॅम मेथी दोन लिटर पाण्यात चोवीस तास भिजवून मलमलीतून गाळा, बुळबुळीत पाणी पसरट परातीत घ्या. नीळ, गेरू, लाख पातळ करून त्यात गुरांच्या पित्ताचा थेंब घाला, म्हणजे रंग पसरून तरंगतो. बुडाला तर पित्त आणखी एक थेंब. रंग धरण्यासाठी या कागदाला तुरटीचं पाणी लावावंच लागतं, म्हणून तो चित्रापासून वेगळा ठेवायचा हे आणखी एक कारण. रंग फिके ठेवा. चित्राशी भांडणारा हाशिया हा आजच्या नकलांचा नेहमीचा दोष आहे. जोडावर जदवल, म्हणजे आखणी: आतून सोन्याची जाड रेषा, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक काळी, बाहेर एक निळी. सोन्याची रेषा घोटून झाल्यावरच काळी ओढा.

चौकट करताना काच चित्राला टेकू देऊ नका. तीन-चार मिलिमीटरची पट्टी मध्ये घाला, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात सोनं आणि मोती काचेला चिकटतील. लाख उजेडात उडते आणि हिंगूळ काळवंडतो, म्हणून खिडकीसमोरची भिंत नको. पाठीला प्लायवूडऐवजी आम्लरहित पुठ्ठा लावा, आणि चौकट बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर टांगायचीच असेल तर मागे बुचाचे चार तुकडे चिकटवा, हवा खेळती राहील.